चिलर बदलला, बिल मात्र तेवढंच: वीजबचत खरी की कागदावरची, हे कसं ठरवायचं?

प्रश्न: आमच्या धर्मादाय ट्रस्टचं १५० खाटांचं रुग्णालय आहे. गेल्या वर्षी एका एस्को (वीजबचतीची कामं करून बचतीतून मोबदला घेणाऱ्या) कंपनीने चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) बदलला, पंपांना व्हीएफडी (मोटरचा वेग गरजेनुसार बदलणारी उपकरणं) लावले आणि सगळीकडे एलईडी बसवले. बचतीतला ठरलेला हिस्सा पाच वर्षं त्यांना द्यायचा, असा करार आहे. त्यांचा अहवाल १६ टक्के बचत दाखवतो, पण आमचं वीजबिल जवळजवळ पूर्वीइतकंच येतं. लेखापाल म्हणतात, पैसे देऊ नका. आम्ही कुणाचं ऐकायचं?

उत्तर:

लेखापालांनी दोन वर्षांची बिलं शेजारी ठेवली आणि एस्कोने आपला अहवाल पुढे केला. बचत या दोन्हींत थेट दिसत नाही. मीटर वापर मोजतो. जी वीज वापरलीच गेली नाही, ती कुठलाही मीटर मोजत नाही, ती हिशोबाने काढावी लागते. जुनी यंत्रणा आजच्या हवामानात, आजच्या रुग्णसंख्येला, आजच्या कामाच्या तासांत चालली असती तर किती युनिट लागले असते, हे आधी काढायचं आणि त्यातून प्रत्यक्ष लागलेले युनिट वजा करायचे. प्रत्यक्ष वापराबद्दल सहसा भांडण होत नाही, तो मीटरवर आहे. भांडण होतं ते ‘लागले असते’ या आकड्याबद्दल. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: नवं बियाणं पेरलं आणि त्याच वर्षी पाऊसही चांगला झाला, तर वाढलेलं सगळं पीक बियाण्याच्या नावावर टाकता येत नाही.

तुमच्या रुग्णालयाच्या आकारमानाला शोभेल असं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, काम सुरू होण्याआधीच्या वर्षाच्या नोंदींवरून असं समीकरण निघालं: महिन्याचे युनिट म्हणजे ४२,००० अधिक शीतलन अंश-दिवसांच्या ११० पट अधिक खाट-दिवसांच्या ६ पट. (शीतलन अंश-दिवस म्हणजे दिवसाचं सरासरी तापमान एका ठरलेल्या पातळीच्या, इथे १८ अंशांच्या, जितकं वर असेल त्याची महिनाभराची बेरीज. खाट-दिवस म्हणजे रोज भरलेल्या खाटांची बेरीज.) आदल्या वर्षीच्या मे महिन्यात अंश-दिवस ३४१ आणि खाट-दिवस ३,३७५ होते. समीकरण ९९,७६० युनिट सांगतं आणि बिलातही साधारण तेवढेच आहेत. यंदाचा मे जास्त तापला, अंश-दिवस ३८८ झाले, आणि खाट-दिवस ४,१०० वर गेले. जुनी यंत्रणा असती तर १,०९,२८० युनिट लागले असते. मीटरवर आले ९६,०००. बिलं शेजारी ठेवून पाहणाऱ्याला ३,७६० युनिटांची घट दिसते. खरी बचत १३,२८० युनिटांची आहे, म्हणजे १२ टक्क्यांच्या थोडी वर.

आता त्यात हेही धरा की मधल्या काळात तुम्ही नवं एमआरआय यंत्र आणलं आणि त्याच्या स्वतंत्र मीटरवर महिन्याला ५,००० युनिट दिसतात. ते जुन्या यंत्रणेलाही लागलेच असते. बेसलाइन, म्हणजे ‘लागले असते’ हा आकडा, १,१४,२८० झाली, बचत १८,२८० युनिट, म्हणजे १६ टक्के. बिल जवळपास जागच्या जागी असूनही अहवालातले १६ टक्के खरे असू शकतात ते असे. पण ‘असू शकतात’ आणि ‘आहेत’ यांच्यामध्ये बरंच तपासावं लागतं, आणि या उत्तराचा मुख्य भाग तोच आहे.

सर्वात आधी बिलातले रुपये बाजूला ठेवा आणि फक्त युनिट पाहा. रुपयांत दरवाढ असते, इंधन समायोजन आकार असतो, वीज शुल्क असतं, डिमांड चार्ज (महिन्यातल्या कमाल भारावरचा आकार) असतो, दिवसाच्या वेळेनुसार बदलणारे दर असतात. यातल्या बहुतेकांचा चिलरशी थेट संबंध नाही. युनिटांतही एक पेच आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केडब्ल्यूएचऐवजी (प्रत्यक्ष वापरलेली वीज) केव्हीएएचवर (मोटरसारख्या यंत्रांमुळे तारांतून वाहणारी, काम न करणारी वीजही धरणारं माप) होतं. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९२ वरून ०.९९ वर नेला, तर एकही केडब्ल्यूएच न वाचवता केव्हीएएच सुमारे ७ टक्क्यांनी उतरतात. एस्कोने चिलरबरोबर एपीएफसी पॅनेलही (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं) बदललं असेल तर त्यांच्या १६ टक्क्यांत हा भाग आहे का, हे विचारा. बिल त्यामुळे कमी होतं हे खरं, पण तो हिस्सा कराराच्या बचतीत धरायचा की नाही, हे करारात लिहिलेलं असायला हवं. बेसलाइन केडब्ल्यूएचमध्ये आणि नंतरचा वापर केव्हीएएचमध्ये, अशी तुलना असेल तर अहवाल तिथेच परत करा.

मग बिलात न येणारी वीज. डीजी सेटचे (डिझेल जनरेटरचे) युनिट महावितरणच्या मीटरवर येत नाहीत. एका वर्षी भारनियमन जास्त आणि दुसऱ्या वर्षी कमी असेल, तर नुसत्या बिलांची तुलना फसवी ठरते. डीजीचं लॉगबुक काढा आणि ते युनिट दोन्ही बाजूंना मिळवा. छतावर सोलर बसवलं असेल तर तिथेच वापरली गेलेली वीज बिलात दिसत नाही, ती सोलरच्या स्वतंत्र मीटरवरून घ्यावी लागते. सोलरमुळे उतरलेलं बिल ‘ऊर्जा कार्यक्षमता’ म्हणून दाखवणारे अहवाल सर्रास दिसतात. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण दोन्हींचे पैसे देणारा खिसा एकच असतो, म्हणून हिशोब वेगळा हवा. आणि बेसलाइनमध्ये २०२०-२१ चा टाळेबंदीचा काळ असेल तर तो सरळ काढून टाका. त्या वर्षी ओपीडी ओस, शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या आणि कोविड वॉर्डांत बाहेरची हवा जास्त घेतलेली, अशी अवस्था होती. त्या वर्षावरून कोणत्याही नेहमीच्या वर्षाचा अंदाज बांधता येत नाही.

या सगळ्याला जगभर मान्य असलेली एक चौकट आहे, आयपीएमव्हीपी, म्हणजे बचत मोजण्या-पडताळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या पुढाकाराने १९९६-९७ मध्ये तिची सुरुवात झाली आणि आज ईव्हीओ ही संस्था ती सांभाळते. तुमच्या करारात बहुधा ‘आयपीएमव्हीपीनुसार’ असा शब्द असेल. तेवढ्याने काहीच ठरत नाही. त्यात ए, बी, सी, डी असे चार मार्ग आहेत, आणि कोणत्या कामाला कोणता मार्ग, कोणत्या मीटरवर, किती काळ, हे सांगणारा एमअँडव्ही (मोजणी-पडताळणी) आराखडा काम सुरू होण्याआधी दोघांच्या सह्यांनी झालेला असावा लागतो. तो मागा. तो नसेल तर काय करायचं ते शेवटी सांगतो.

वरच्या उदाहरणात मी मुख्य मीटरवरून हिशोब केला, तो मार्ग सी. आपल्याकडे तो सर्वात स्वस्त, कारण मीटर आधीच बसवलेला असतो आणि बिलं फाइलमध्ये असतात. बेसलाइनला किमान सलग १२ महिने हवेत, म्हणजे सगळे ऋतू येतात. पण या मार्गाला अट आहे: बचत एकूण वापराच्या १० टक्क्यांच्या वर असायला हवी. त्याखाली ती महिन्या-महिन्याच्या नेहमीच्या चढउतारात हरवते. समीकरण किती विश्वासाचं आहे हे पाहताना लोक फक्त आर-स्क्वेअर (नोंदींतला किती चढउतार समीकरणाने समजतो ते सांगणारा आकडा) पाहतात. ते अपुरं आहे. वर्षभर सपाट चालणाऱ्या इमारतीत समीकरण उत्तम असूनही आर-स्क्वेअर कमी येतो. त्यापेक्षा समीकरणाने सांगितलेले आणि प्रत्यक्षातले युनिट यांत सरासरी किती फरक पडतो ते पाहा. तो सांगणारा सीव्हीआरएमएसई नावाचा आकडा अहवालात असतो किंवा असायला हवा. दावा केलेली बचत समीकरणाच्या प्रमाणत्रुटीच्या (अंदाजात नेहमी पडणाऱ्या चुकीच्या) दुपटीपेक्षा जास्त नसेल, तर ती बचत आहे असं म्हणता येत नाही. कंपनी खोटं बोलते असा याचा अर्थ नाही, त्या मीटरवरून ते कळत नाही एवढाच.

हवामानाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्याकडे इथेच सर्वाधिक घोळ होतो. अंश-दिवसांची पद्धत थंड देशांत हीटिंगसाठी रुळली, तिथे फक्त तापमान पुरतं. आपल्याकडे, विशेषतः कोकणपट्टीत, जुलैमध्ये तापमान मेपेक्षा कमी असतं, पण हवा ओलीचिंब असते. एसीचं बरंचसं कष्टाचं काम ओलावा काढण्याचं असतं. शस्त्रक्रियागृहासारख्या जागी, जिथे बाहेरची हवा सतत घ्यावी लागते, तिथे तर अधिकच. नुसत्या तापमानावर बांधलेलं समीकरण पावसाळ्यात वापर कमी सांगतं आणि मेमध्ये जास्त. मग बेसलाइन पूर्ण वर्षाची आणि पडताळणी फक्त मार्च ते मेची केली, की बचत आपोआप फुगते. ओल्या बल्बचं तापमान किंवा हवेची एन्थाल्पी (दोन्हींत ओलावाही धरलेला असतो) समीकरणात घ्या. नागपूरसारख्या कोरड्या उन्हाळ्यात तापमानावर बऱ्यापैकी भागतं. वेधशाळा कोणती हेही करारात लिहा. मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझच्या नोंदींत काही दिवशी चांगलाच फरक असतो, पुण्यात शिवाजीनगर आणि लोहगाव यांच्यातही. ज्याला जी सोयीची ती त्याने वापरली, तर दोन्ही हिशोब ‘बरोबर’ येतील आणि वाद तसाच राहील. १८ अंशांची पातळीही देववाणी नाही. तुमच्या इमारतीत एसीचा भार कोणत्या तापमानापासून वाढायला लागतो ते तुमच्याच नोंदींतून काढा.

आता चिलर. तुमच्या कामात सर्वात मोठी रक्कम त्याची असणार, म्हणून त्याच्यापुरती वेगळी मोजणी, म्हणजे मार्ग बी, मी आग्रहाने मागितली असती. त्यात मुख्य मीटर नाही, फक्त चिलर प्लांटचा वीजवापर आणि त्याने दिलेली थंडाई मोजतात. एक टनाला (टन हे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) किती किलोवॅट लागले, हा आकडा जुन्या आणि नव्या प्लांटसाठी वेगवेगळ्या भारावर काढायचा. टन काढायचं सूत्र सोपं आहे: तासाला वाहणारं पाणी घनमीटरमध्ये, गुणिले येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक, भागिले ३.०२४. ताशी ६० घनमीटर पाणी आणि ५ अंशांचा फरक असेल तर ९९ टन. कॉम्प्रेसर ७० किलोवॅट घेत असेल तर टनामागे ०.७१ किलोवॅट.

सूत्र सोपं, मोजणी अवघड. दोन तापमापकांपैकी एक अर्धा अंश वर दाखवत असेल आणि दुसरा अर्धा अंश खाली, तर ५ अंशांचा फरक ४ किंवा ६ दिसतो. टनेज ७९ ते ११९ मध्ये कुठेही, आणि टनामागचा वापर ०.८८ ते ०.५९ मध्ये कुठेही येतो. म्हणजे जुना रद्दी चिलर आणि बाजारातला उत्तम चिलर यांच्यातलं सगळं अंतर अर्ध्या अंशाच्या चुकीत मावतं. बीएमएसच्या (इमारतीतली यंत्रं सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीच्या) पडद्यावरचे आकडे म्हणूनच मी पुरावा मानत नाही. जोडीने कॅलिब्रेट केलेले सेन्सर हवेत, ते पाइपवर चिकटवलेले नकोत, थर्मोवेलमध्ये (पाइपच्या आत बसवलेल्या नळीत) हवेत. आणि मोजणीआधी दोन्ही सेन्सर एकाच बर्फाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून सारखं दाखवतात का ते तुमच्या माणसासमोर पाहायचं. दहा मिनिटांचं काम आहे. पाणी मोजायला क्लॅम्प-ऑन (पाइपला बाहेरून लावायचा) अल्ट्रासॉनिक मीटर वापरला असेल तर तो सरळ पाइपवर लावला होता का, आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ लांबी होती का, हे फोटोसह मागा. आपल्या प्लांटरूममध्ये जागा नसते, मीटर एल्बोच्या (पाइपच्या वळणाच्या) शेजारी लावतात आणि आकडा वाटेल तसा येतो.

सगळी मोजणी एका फटक्यात तपासायची युक्ती निसर्गाने दिलेली आहे. वॉटर-कूल्ड चिलर असेल तर कंडेन्सरमधून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातून) बाहेर पडणारी उष्णता ही इव्हॅपोरेटरमध्ये (पाणी थंड करणाऱ्या भागात) घेतलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरची वीज यांच्या बेरजेइतकी असलीच पाहिजे. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजून पाच टक्क्यांच्या आत जुळल्या तर मी मोजणी स्वीकारतो. वीस टक्के तफावत असेल तर अहवाल कितीही चकचकीत असो, त्यातला टनाचा आकडा कामाचा नाही.

विजेच्या बाजूलाही एक साधी चूक वारंवार आढळते: तीन सीटींपैकी (तारेतला प्रवाह मोजून मीटरला देणाऱ्या कड्यांपैकी) एक उलटी बसवलेली. भार तिन्ही फेजवर सारखा असेल तर मीटर खऱ्या वापराच्या फक्त एक तृतीयांश दाखवतो. अशी चूक नव्या पॅनेलवर झाली तर बचत डोळे दिपवणारी दिसते. सीटीचा रेशो मीटरमध्ये योग्य भरला आहे का, हेही बघा. तपासणी सोपी आहे: रात्री एक मोठं यंत्र चालू-बंद करून महावितरणच्या मीटरवरचा फरक आणि या मीटरवरचा फरक ताडून पाहायचा.

हद्द कुठवर धरली, तेही विचारा. अहवालात फक्त कॉम्प्रेसरची वीज असेल आणि पंप, कूलिंग टॉवरचे पंखे बाहेर ठेवले असतील, तर चिलर सुधारल्याचं दिसेल आणि प्लांट सुधारला नसेल. व्हीएफडीच्या बाबतीत वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज निम्म्यावर येते, हे ऐकून ऐकून सगळ्यांना पाठ झालंय. ते घर्षणाच्या भारापुरतं खरं आहे. पाणी ठरावीक उंचीवर चढवायचं असेल तर बचत त्यापेक्षा कमी होते. शिवाय व्हीएफडी कुठल्यातरी सुट्टीच्या दिवशी ट्रिप होतो, ऑपरेटर बायपासवर टाकतो आणि तो महिनोन्महिने तिथेच राहतो. म्हणून पंपाचा वापर सूत्राने काढू नका, लॉगर लावून मोजा.

एलईडीसाठी मार्ग ए पुरतो, म्हणजे वॅट मोजायचे आणि तास ठरवून घ्यायचे. चोकसह जुन्या ३६ वॅटच्या ट्यूबलाइटला पन्नासच्या आसपास वॅट लागतात, नवी १८-२० वॅट घेते. इथे वाद वॅटवर होत नाही, तासांवर होतो. कॉरिडॉर चोवीस तास, ओपीडी आठ-दहा तास, स्टोअर दोन तास, पण अहवालात सगळीकडे चोवीस. जुन्या यादीतल्या किती ट्यूब आधीपासूनच बंद पडलेल्या होत्या, तेही विचारा. न पेटणारी ट्यूब बदलून वीज वाचत नाही. आणि लक्स मीटरने आधीचा-नंतरचा प्रकाश ताडून पाहा. वॉर्डातला प्रकाश निम्मा करून वाचवलेली वीज ही सेवेतली कपात आहे.

तिन्ही कामांची वेगवेगळी बचत मिळवून एकूण १६ टक्के काढले असतील तर तीच वीज दोनदा मोजली जाते. एसी असलेल्या खोलीत एक किलोवॅट दिवे कमी झाले की चिलरलाही पाव किलोवॅटच्या आसपास कमी लागतं. ही बचत एलईडीच्या नावावर टाकली, आणि चिलरची बचत मात्र जुन्याच, जास्त थंडाईच्या भारावर काढली, की बेरीज फुगते. सगळ्यांची बेरीज शेवटी मुख्य मीटरवरच्या हिशोबाशी ताडून पाहणं हा त्यावरचा उपाय.

चिलरचं पाणी एखादा अंश वर ठेवणं, एएचयूचे (थंड हवा खेळवणाऱ्या यंत्रांचे) तास बदलणं अशी नुसती सेटिंगची कामं असतील, तर मला सर्वात आवडणारी पद्धत आलटून-पालटून चालवण्याची आहे: एक आठवडा जुन्या सेटिंगवर, एक आठवडा नव्या, असं दोन-तीन महिने. हवामान दोन्ही बाजूंना सारखंच वाटलं जातं, समीकरणं फारशी लागत नाहीत, आणि विश्वस्तांना एका पानावर दाखवता येतं. ‘एक अंश वाढवला की सहा टक्के बचत’ असा ठोकताळा प्रचारासाठी ठीक आहे, बिल अदा करण्यासाठी नाही. मार्ग डी, म्हणजे संगणकावर इमारतीचं मॉडेल चालवणं, मुख्यतः जुना वापरच नसलेल्या नव्या इमारतींसाठी असतो. तुम्हाला त्याची गरज नाही.

बचतीचे युनिट एकदा ठरले की दर. एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर लावला असेल तर तो मान्य करू नका. त्यात डिमांड चार्ज मिसळलेला असतो, आणि युनिट वाचले म्हणून तो आपोआप उतरत नाही. बिलिंग डिमांड ठरवताना मागच्या ११ महिन्यांतली मागणीही पाहिली जाते आणि करार-मागणीचा (महावितरणशी ठरलेल्या कमाल भाराचा) ठरावीक हिस्सा किमान भरावाच लागतो. नव्या चिलरमुळे कमाल मागणी खरोखर उतरली असेल तर करार-मागणी कमी करण्याचा अर्ज तुम्ही महावितरणकडे करायला हवा. हा फायदा तुमच्या हातात आहे, आणि तो न घेतल्यामुळेही ‘बिल उतरलं नाही’ असं दिसतं. बहुतेक रुग्णालयांत हा अर्ज कुणी केलेलाच नसतो.

आता, काम होण्याआधी एमअँडव्ही आराखडा झालाच नसेल तर? जुन्या चिलरवरची थेट मोजणी गेली, ती परत येणार नाही. पण मुख्य मीटरवरचा मार्ग अजून उघडा आहे. कामाआधीच्या २४ महिन्यांची बिलं, उच्चदाब मीटरमधला मागणीचा तपशील महावितरणकडून, खाट-दिवसांची नोंद रुग्णालयाच्या रेकॉर्डमधून, हवामान वेधशाळेकडून, डीजी आणि चिलरचं लॉगबुक प्लांटरूममधून मिळतं. एमआरआय, नवा वॉर्ड, वाढलेली शस्त्रक्रियागृहं यांची तारीखवार यादी तुम्ही स्वतः करा, कारण ही माहिती एस्कोकडे नसते आणि वाद पेटल्यावर ती प्रत्येक जण आपल्या सोयीने आठवतो. उलट बाजूनेही हिशोब करता येतो: नव्या यंत्रणेचं एक पूर्ण वर्ष झालं की त्यावरून समीकरण बांधायचं आणि आधीच्या वर्षाच्या परिस्थितीत ही यंत्रणा किती वीज घेईल ते काढायचं. दोन्ही बाजूंनी आलेली उत्तरं जवळ असतील तर आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

हे काम ऊर्जा दक्षता ब्युरोच्या प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाकडून, दोन्ही पक्षांनी मिळून नेमून, करून घ्या. महाऊर्जाकडे (राज्य सरकारच्या ऊर्जा विकास संस्थेकडे) अशा सल्लागारांचं पॅनेल असतं. शुल्क दोघांनी निम्मं-निम्मं द्यावं, म्हणजे अहवाल एकाचा होत नाही. वर्षभराच्या मोजणी-पडताळणीचा खर्च वार्षिक बचतीच्या १० टक्क्यांच्या आत राहायला हवा. त्यापेक्षा बारीक मोजणीचा आग्रह तुम्हीही धरू नका. तोवर पैसे पूर्ण अडवून ठेवू नका. मुख्य मीटरवरच्या हिशोबात दोघांना मान्य होणारी किमान बचत जितकी निघते तेवढ्याचा हिस्सा द्या, उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि लेखापरीक्षकाच्या अहवालानंतर ९० दिवसांत ती मिटवायची, असं पत्र आत्ताच देऊन ठेवा. त्याच पत्रात पुढच्या चार वर्षांसाठी समीकरण, वेधशाळा, केडब्ल्यूएच, दर आणि नव्या यंत्रांची नोंद कशी घ्यायची, या पाच गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घ्या.